कुठपर्यंत येतो?

(मालवणातल्या एका वाचनालयात, श्रावणातल्या एका रविवारी, जुन्या लॅपटॉपच्या दुरुस्तीवर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दुकानाचा फोन वाजला की पलीकडून बहुतेक वेळा एकच वाक्य येतं. ‘लॅपटॉप सुरू होणा नाय.’ मी विचारतो, ‘कुठपर्यंत येतो?’ त्यावर समोरचा माणूस गोंधळतो. सुरूच होत नाही म्हटल्यावर कुठपर्यंत येतो म्हणजे काय?

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला पाहुणा सकाळी घरी पोचला नाही, तर ‘पाहुणा आला नाही’ म्हणून आपण बसून राहतो का? गाडी वेळेवर सुटली का, रत्नागिरी सोडली का, कणकवलीला उतरला का, उतरला तर पुढची एसटी मिळाली का, असं विचारत जातो. शेवटचा पत्ता जिथे लागतो त्याच्या पुढे शोधतो. लॅपटॉपही असाच टप्प्याटप्प्याने येतो. बटण दाबलं की आधी दिवा लागतो. पंखा फिरतो. मग मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरच्या, चिपमधला बायॉस नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो आणि हजेरी घेतो: रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती, आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का. मग कंपनीचं चिन्ह दिसतं. त्यानंतर डिस्कवरून विंडोज उचललं जातं, ठिपके गोल फिरतात आणि शेवटी पासवर्ड विचारला जातो. सात-आठ वर्षांचा लॅपटॉप यातल्या कुठल्याही ठिकाणी अडू शकतो आणि प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं असतं. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि ऐका. दिवा लागला का? पंखा किती वेळ फिरला? कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो का? बीप वाजली का, वाजली तर किती वेळा? हे कागदावर लिहून आणलंत तर तुमचे पैसे वाचतात, आणि माझा अर्धा दिवस.

दिवाच लागत नसेल तर लॅपटॉपवर संशय घेण्याआधी भिंतीपासून सुरुवात करा. तारकर्लीकडचे एक होमस्टेवाले दुसरी नवी बॅटरी घालायला निघाले होते, पहिली नवी बॅटरी घालून झाल्यावर. दोष त्यांच्या एक्स्टेन्शन बोर्डात होता. आत मुंगळ्यांनी माती भरली होती, त्यामुळे पिन धड टेकतच नव्हती. म्हणून आधी दुसरा सॉकेट, मग दुसरा अडॅप्टर बघायचा. बहुतेक जुने अडॅप्टर १९ किंवा साडेएकोणीस व्होल्टचे असतात, ते मल्टिमीटरवर मोजता येतं. पण मीटरने बरोबर आकडा दाखवला तरी अडॅप्टर पास झाला असं धरू नका, कारण भार पडल्यावर कोलमडणारे अडॅप्टर पुष्कळ असतात. काही लॅपटॉपच्या पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून अडॅप्टर आपली ओळख सांगतो. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालतो, पण रडत चालतो, आणि बॅटरी चार्ज होत नाही.

यानंतर एक बिनखर्चाचा उपाय. अडॅप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि बटण तीस सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला विद्युतभार त्यातून निघून जातो. मग फक्त अडॅप्टर लावून बघा. बॅटरी आत बसवलेली असेल तरी नुसता अडॅप्टर काढून हे करता येतं. दुकानात आलेले काही लॅपटॉप याहून जास्त काहीही न करता परत गेले आहेत, आणि त्याचे मी पैसे घेत नाही. मात्र टचपॅड वर उचलला गेलेला दिसला किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर यातलं काहीही करू नका. बॅटरी फुगलेली आहे. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही.

आता ज्यासाठी मी मुद्दाम आपल्या किनाऱ्यावर हे व्याख्यान द्यायला तयार झालो, तिकडे येतो. पुण्याच्या लॅपटॉपला जो आजार क्वचित होतो, तो इथे मी दर पावसाळ्यात बघतो.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. आमच्या घरी मिठाची बरणी म्हणूनच चुलीजवळच्या फळीवर असायची. यामागचं गणित असं, की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. त्याच्या खाली असेपर्यंत ते कोरडं राहतं. समुद्राच्या वाऱ्यातून हेच मीठ बारीक कणांच्या रूपात घरात येतं, आणि लॅपटॉपचा पंखा ते धुळीसोबत आत ओढतो. डिसेंबर ते मे ते बोर्डावर नुसतं पडून राहतं, काही त्रास देत नाही. मृग लागतो, हवा ओलावते आणि त्या कणांना पाणी सुटतं. बोर्डावर डोळ्यांना न दिसणारा खाऱ्या पाण्याचा थर तयार होतो. त्या थराखाली तांब्याच्या केसाएवढ्या बारीक रेषा असतात. दोन शेजारच्या रेषांमध्ये व्होल्टेजचा फरक असला की खाऱ्या पाण्यातून करंट वाहतो आणि तांबं झिजायला लागतं. हिरवी बुरशी आल्यासारखं जे दिसतं ते हेच. देवघरातल्या तांब्यावर पावसाळ्यात जो हिरवा डाग धरतो, त्याचाच हा भाऊबंद.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे, लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी आत असते आणि बोर्डाच्या काही भागांत वीज खेळतच असते. म्हणजे कपाटात ठेवून दिला म्हणून तो सुरक्षित आहे असं होत नाही. दुसरी, चालू लॅपटॉप गरम होतो आणि त्या उबेने आतली हवा कोरडी पडते. ‘मुलगा मुंबईला गेला, जूनपासून लॅपटॉप उघडलाच नाही, गणपतीत आला तेव्हा डेड,’ ही तक्रार मी दर भाद्रपदात ऐकतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: पावसाळ्यात वापर नसला तरी एक-दोन दिवसाआड तासभर लॅपटॉप चालवा. ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसोबत ठेवा. ओला कपडा फिरवून साफ करू नका, मीठ त्याने आणखी आत जातं. आणि खिडकीजवळ, समुद्राच्या बाजूला, टेबल मांडू नका. होमस्टेच्या गल्ल्यावरचे लॅपटॉप नेमके तिथेच असतात.

असा लॅपटॉप आला की आम्ही बॅटरी सोडवतो, बोर्ड बाहेर काढतो आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुतो. तांबं पूर्ण तुटलेलं नसेल तर बोर्ड उठतो. जून-जुलैत आलेले पुष्कळ उठतात. दिवाळीत आलेले फार कमी.

लॅपटॉप भिजला तर तांदळात पुरण्याची पद्धत आहे, आणि आपल्याकडे तांदूळ घरात असतोच. तांदूळ आतलं मीठ काढू शकत नाही, पाणीही फारसं ओढत नाही. त्याची पीठधूळ मात्र पंख्यात शिरते. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणहून माझ्याकडे दोन लॅपटॉप आले. एकाच्या मालकाने तो उन्हात वाळवून ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबलं होतं. दुसऱ्याने बटणाला हातही लावला नव्हता, चिखलासकट पिशवीत घालून पाठवला होता. दुसऱ्याचा बोर्ड धुऊन चालू झाला. पहिल्याची फक्त एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क, काढून दिली.

वीज हा आपल्याकडचा दुसरा प्रश्न. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर आपली कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. लाइट परत आली तेव्हा ती सरळ आली नाही, आणि त्या पंधरवड्यात माझ्याकडे जळक्या अडॅप्टरची रास पडली. वळवाचा गडगडाट ऐकू आला की पिन सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्या जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि तीन पिनांपैकी जाड पिन मोडून लॅपटॉप लावणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका.

दिवा आहे, पंखा आहे, पण स्क्रीन काळी, अशा वेळी मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरा. पुसट चित्र दिसलं तर मागचा प्रकाश गेलाय, बाकी लॅपटॉप जिवंत आहे. एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडून बघा. टीव्हीवर चित्र आलं तर दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. दोन्हीकडे काळोख असेल तर बहुतेक वेळा रॅम काढून, संपर्काच्या पट्ट्या अल्कोहोलने पुसून परत बसवावी लागते. खोडरबराने घासायची सवय अनेक मेकॅनिकांना आहे. मीही करायचो. पण त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून आता मी ते सोडलंय. एचडीएमआयचं भोक आधी डोळ्यांनी बघून घ्या. त्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं मी दोनदा काढलंय.

कंपनीचं चिन्ह येऊन अडत असेल तर तारीख बघा. लॅपटॉप भलतंच जुनं वर्ष दाखवत असेल तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो बदलला की काम होतं. तारीख चुकीची असताना बँकेच्या वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत जुळत नाही, आणि लोक मात्र नेटवाल्याला फोन करत बसतात.

तारीख बरोबर आहे आणि तरी डिस्क सापडत नाही, किंवा ठिपके अर्धा तास फिरताहेत आणि आतून टक्, टक् असा आवाज येतोय? हात थांबवा. इथे मी जरा सावकाश बोलणार आहे.

धंदा सुरू केला त्या वर्षांत एक निवृत्त मास्तर माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आले. गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या होत्या. काही टाइप केलेल्या, काही आवाजात. लॅपटॉप सुरू व्हायला वीस मिनिटं घ्यायचा. मी विंडोजची डिस्क-दुरुस्तीची कमांड लावली आणि रात्रभर चालू ठेवली. सकाळी डिस्क ओळखतच नव्हती. मरणाऱ्या डिस्कला मी रात्रभर धावायला लावलं होतं. ज्या बायकांचे आवाज त्यात होते त्यातल्या काही तोपर्यंत गेल्या होत्या. मास्तर मला एक शब्द बोलले नाहीत. ती चूक माझी होती, आणि त्या दिवसापासून माझ्या टेबलावरचा क्रम बदलला: आधी आतलं काढून घ्यायचं, मग यंत्राकडे बघायचं.

हे कसं करतात? डिस्क लॅपटॉपमधून काढून दुसऱ्या यंत्राला जोडायची, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, चालवून तिच्यावर काहीही न लिहिता आधी महत्त्वाचे फोल्डर उचलायचे. डिस्क फार बिघडली असेल तर डीडीरेस्क्यूसारखा प्रोग्राम शाबूत भाग आधी वाचतो आणि खराब जागांवर नंतर परततो. टकटक वाढली तर तेही थांबवून डेटा-रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे पाठवायची, आणि तो खर्च मोठा असतो. डिस्क अजून चालते आहे तोवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा मोफत प्रोग्राम एकदा चालवा. तो पिवळा झाला तर त्याच दिवशी कॉपी काढा. एक आणखी: अनेक लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, आपोआप चालू असतं. बोर्ड किंवा बायॉसमध्ये बदल झाला की ते ४८ अंकी किल्ली मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि पुष्कळांना ते खातं कुणी उघडलं हेच आठवत नाही. आज घरी गेल्यावर ती किल्ली वहीत उतरवून ठेवा.

विंडोजपर्यंत येऊन अडणारा लॅपटॉप त्यामानाने सोपा. सलग दोन-तीनदा सुरू होणं फसलं की निळा दुरुस्तीचा पडदा आपणहून येतो, त्यातून सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या विंडोजमध्ये, जाता येतं. शेवटचं अपडेट किंवा ड्रायव्हर काढून बघा. ‘शट डाउन’ने विंडोज नेहमी पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. म्हणून अडचण आली की ‘रीस्टार्ट’ करा. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी घाला. दहा वर्षांच्या लॅपटॉपवर केलेला इतका उपयोगी खर्च दुसरा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट, संपला आणि विंडोज ११ बहुतेक अशा जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. पण तेवढ्यासाठी लॅपटॉप लगेच भंगारात घालू नका. शाळेच्या पोराला लिहायला, बागायतदाराला आंब्याचा हिशेब ठेवायला लिनक्सवर तो अजून काही वर्षं चालेल.

मागच्या टेबलावर मी तीन बोर्ड उघडून ठेवलेत. एक जूनमध्ये आलेला, एक दिवाळीतला, एक धुऊन झालेला. भिंग ठेवलंय. अडॅप्टरच्या पिनेजवळचा कोपरा आधी बघा, हिरवं तिथून सुरू होतं. आणि ज्यांनी आपला लॅपटॉप सोबत आणलाय त्यांनी बटण दाबू नका, आधी माझ्याकडे द्या.