तुर्भ्याचा भुईमूग आणि किरणांची करामत

भुईमुगाचे पिवळे फूल उमलते, तोवर त्याचे परागीभवन बहुधा आतल्या आत उरकलेले असते. पुढे त्याच्या बुडातून आरी सुटते, जमिनीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. परक्या झाडाचा पराग क्वचितच येत असल्यामुळे वाणाचे गुण पिढ्यान् पिढ्या टिकून राहतात. शेतकऱ्याची त्यात सोय होते, पण नवा वाण घडवू पाहणाऱ्या पैदासकाराची मात्र अडचण होते. त्यातही हे पीक दक्षिण अमेरिकेत, दोन रानटी जातींच्या दुर्मीळ संकरातून उपजलेले असल्याने त्याच्याकडील गुणवैविध्य मुळातच तोकडे आहे.

निसर्गात आनुवंशिक बदल होतात, पण फार सावकाश. किरणांनी त्यांचा वेग वाढवता येतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञ म्युलर यांनी 1927 साली फळमाशीवर आणि स्टॅडलर यांनी 1928 साली सातूवर दाखवून दिले. आज त्यासाठी कोरडे बियाणे सहसा कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूच्या गॅमा किरणांखाली ठेवतात. मात्रा कमी पडली तर फारसे काही हाती लागत नाही आणि जास्त झाली तर बी उगवतच नाही. किरणांनी पेशीतील डीएनएचे धागे तुटतात आणि ते पुन्हा सांधताना पेशीकडून जी चूक राहून जाते, तिलाच उत्परिवर्तन म्हणतात. ही शंका हटकून निघते म्हणून सांगायला हवे, की गॅमा किरणांनी बी स्वतः किरणोत्सर्गी होत नाही.

कोणता गुण बदलेल, यावर कोणाचाच ताबा नसतो. बहुतेक बदल अप्रभावी, म्हणजे जनुकाची दुसरी प्रत शाबूत असेपर्यंत दबून राहणारे, असल्याने ते दुसऱ्या पिढीत उघडे पडतात, आणि तेव्हा शेतात पिवळी, खुरटी, वांझ रोपेच अधिक दिसतात. हजारो रोपांतून कामाचे एखादे हेरणे, हेच यातले खरे कसब.

मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात क्ष-किरणांच्या प्रयोगांतून टपोऱ्या दाण्यांचा टीजी-1 हा वाण निघाला आणि 1973 साली तो प्रसारित झाला. उत्परिवर्तित झाडे हा कच्चा माल मानून त्यांचे आपसांत संकर करण्याची वाट पुढे अधिक फळली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर तयार झालेला आणि 1991 साली आलेला टीएजी-24 हा त्याच वाटेवरचा. त्याचे झाड ठेंगणे आणि उपटे असून ते आपली ताकद पाल्यापेक्षा शेंगांत अधिक घालते. म्हणूनच उन्हाळी भुईमूग घेणाऱ्यांनी त्याला जवळ केले. गडद हिरव्या पानांच्या उत्परिवर्तित उडदाचा टी-9 या उडदाच्याच वाणाशी संकर करून मिळालेला टीएयू-1 हा वाण महाराष्ट्रात असाच रुजला.

तरीही किरण बियात मुळात असलेल्या जनुकांतच फेरफार करू शकतात. टिक्का आणि तांबेरा या रोगांना तोंड देणारी जनुके भुईमुगाच्या रानटी भाईबंदांत अधिक सापडतात, त्यामुळे हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या शीतगृहात जपलेल्या हजारो नमुन्यांकडे पैदासकाराला आजही वळावे लागते.