काकांच्या शेतातली चिंच

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज जंगलाबद्दल नाही बोलणार, आपल्या इंदूरच्या आजूबाजूच्या शेतांबद्दल बोलायचंय. सांवेर, देपालपूरकडे जाताना दोन्ही बाजूला जी सपाट काळी जमीन लागते ना, तिथे पूर्वी शेताच्या मधेच एखादं मोठं झाड उभं असायचं, चिंच, आंबा, मोह, कडुनिंब. आता बसच्या खिडकीतून बघत राहा, दिसलं तर दिसलं.

आमच्या काकांच्या शेतात चिंच होती, विहिरीला लागून. आजोबांच्या काळी बैल मोट ओढायचे, इथे तिला चडस म्हणतात, आणि त्या बैलांना सावली हवी म्हणून विहिरीपाशी झाड असायचंच. मग बोअरिंग झालं, विहीर बुजली, बैल जाऊन ट्रॅक्टर आला आणि चिंचेला काही कामच उरलं नाही.

पण मला विचाराल तर खरा फरक सोयाबीनने पडला. आधी माळव्यात बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवायचे, मातीत ओल मुरू द्यायची आणि त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा घ्यायचा. पावसाळ्यात झाडाखाली पीकच नाही, मग सावलीने नुकसान कसलं? १९७० नंतर सोयाबीन पसरत गेलं, इतकं की १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या इंदूरलाच झालं. आता हे पीक नेमकं पावसाळ्यातलं आणि तेव्हाच झाड पानांनी गच्च भरलेलं. काकांनी मला हाताला धरून दाखवलं होतं, चिंचेखालची रोपं लांबडी, पिवळट, शेंगा चार-पाच, आणि दहा पावलं बाहेर आलं की तेच सोयाबीन दाट, हिरवंगार. वर हार्वेस्टरवाल्याची तक्रार की झाड आडवं येतं. काकांचा हिशेब चुकला असं मी नाही म्हणणार, पण तोडल्यावर दुसऱ्या दिवशी मी बुंध्यावर हात ठेवला तर तो अजून ओला होता, ते काही विसरता येत नाही.

आणि हे फक्त आमच्याकडचं नाही हो. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी सॅटेलाइट फोटोंवरून भारतभर शेतातली झाडं मोजली, २०२४ मध्ये ते छापून आलं. २०१०-११ ला दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी साधारण ११ टक्के २०१८ पर्यंत गायब, आणि २०१८ ते २०२२ मध्ये आणखी ५० लाखांहून जास्त मोठी झाडं गेली, एकेकाचा पसारा साधारण ६७ चौरस मीटर, म्हणजे आपला टू बीएचके फ्लॅट झाकेल एवढा! कुठेतरी निलगिरीची लागवड झाली की हिरवा आकडा वाढतो, पण शेतातल्या म्हाताऱ्या चिंचेची जागा ती कशी घेणार, तुम्हीच सांगा.

शिवाय नवीन झाड उगवायलाही वाव नाही. पक्ष्यांनी, गुराढोरांनी टाकलेल्या बियांतून कडुनिंब, बाभूळ आपोआप येतात, पण तणनाशक मारलं की गवताबरोबर तीही जातात, उरली तर नांगराखाली. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, रोप विकत नका आणू, बांधावर जे स्वतःहून आलंय तेवढं वाचवा, बांधावरच्या सावलीने अख्खं शेत नाही जात.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या बांधावर कडुनिंब उगवला होता, वीतभर. मी शेजारी काठी रोवून तिला लाल फडकं बांधलं, ट्रॅक्टरवाल्याला दिसावं म्हणून. परवा गेले तर तो माझ्या खांद्याला लागत होता, आणि फडकं नवीन होतं, काकांनी बदललेलं.