पाइप रुंद झाला, अंतर तेवढंच राहिलं

पत्रिकेवर विषय छापलाय 'दूरच्या सॅन इंटरनेटवरून कशा जोडाव्यात'. सॅन म्हणजे सर्व्हर आणि सामायिक स्टोरेज जोडणारं वेगळं नेटवर्क, याहून जास्त या सभागृहात सांगत बसत नाही. मागच्या रांगेतल्यांनी मोबाइलवर शोधलंच असेल.

आधी माझं एक जुनं दुखणं. एका ठिकाणी दोन डेटा सेंटर होती, मध्ये दोन हजार किलोमीटर फायबर. रात्रीचं रेप्लिकेशन, म्हणजे इकडच्या डेटाची तिकडे नक्कल, सकाळ झाली तरी संपेना. लाइन 100 मेगाबिटची. साहेबांनी सरळ 1 गिगाबिटची घेतली. बिल वाढलं, वेग जिथल्या तिथे! स्टोरेजवाले म्हणाले, नेटवर्क बघा. नेटवर्कवाले म्हणाले, आमचा आलेख तर मोकळा दिसतोय. (आलेख मोकळा होता हीच तर तक्रार होती.) यात दोन दिवस गेले. मग कुणाला तरी पिंग मारून जाण्या-येण्याचा वेळ मोजायचं सुचलं. 20 मिलिसेकंद.

आता तोंडी हिशेब करा. टीसीपी, म्हणजे डेटा पोच घेऊन पोहोचवणारा इंटरनेटचा नियम. त्याची विंडो, म्हणजे पोच न येता एका दमात पाठवता येणारा डेटा, 64 केबी. तेवढं पाठवायचं आणि पोच येईपर्यंत हात बांधून बसायचं. सेकंदाला 50 फेऱ्या, म्हणजे सव्वातीन एमबी, म्हणजे 26 मेगाबिट. जुन्या लाइनचाच जेमतेम चौथा हिस्सा वापरात होता! विंडो मोठी करायची सोय 1992 पासून आहे. मधला एक फायरवॉल तो पर्याय गुपचूप गाळत होता. गिगाबिट भरायला अडीच एमबीची विंडो लागते. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, त्याला ओव्हरटाइम देता येत नाही.

वर स्कझीचा, म्हणजे सर्व्हर डिस्कशी ज्या भाषेत बोलतो तिचा, शिष्टाचार. 'लिहू का?' 'लिही.' मग डेटा, मग 'लिहिलं'. एका राइटला दोन फेऱ्या. शंभर किलोमीटरवर दोन मिलिसेकंद गेलेच. म्हणून सॅनला लांबच्या लाइनशी जोडणारे गेटवे अलीकडूनच खोटं 'लिही' सांगून एक फेरी वाचवतात. या खोटेपणावर मी तासभर बोलू शकतो, पण अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं? बरं, तीन.

तर मूळ विषय, जोडायचे तीन मार्ग. एफसीआयपी, 2004: फायबर चॅनलच्या, म्हणजे सॅनच्या नेहमीच्या नेटवर्कच्या, फ्रेम (डेटाची पाकिटं) टीसीपीच्या बोगद्यातून. सोपं, पण दोन्हीकडची फॅब्रिक, म्हणजे स्विचांची जाळी, एकजीव होतात. स्विचांचे क्रमांक, म्हणजे डोमेन आयडी, भिडले की जुळणारच नाहीत, आणि लाइन फडफडली की दोन्ही गावं जागी. त्यामुळे दोन्ही फॅब्रिक वेगळी ठेवून जोडणारं एफसी (फायबर चॅनल) राउटिंग मध्ये घालाच. आयएफसीपी, 2005: फॅब्रिक वेगळीच ठेवतो, मला तो जास्त शहाणा वाटायचा, बाजाराला वाटला नाही. आयस्कझी, तोही 2004 चा: स्कझी थेट टीसीपीवर, फायबर चॅनल नकोच. नवीन उभारणार असाल तर हा. जुनी सॅन असेल तर एफसीआयपी. सिंक्रोनस रेप्लिकेशन (पलीकडे लिहून होईपर्यंत थांबणारं) जवळच्या अंतरावर, लांबवर असिंक्रोनस (न थांबता मागून पाठवणारं), आणि शेवटची काही सेकंदं गमवायची तयारी ठेवून.

आयपीसेक, म्हणजे आयपीवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, राहिलंच. सार्वजनिक नेटवरून डिस्कचे ब्लॉक उघडे पाठवू नका, आज एवढंच. मागून कुणाचा हात वर आहे का?