गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार, मग ५५ वर्षं का नाहीत?

नमस्कार मंडळी. सांगोल्याचं नाव काढलं की खाली निम्म्या कमेंट 'काय झाडी, काय डोंगार' अशाच येतात. येऊ देत, २०२२ मध्ये तो फोन ऐकून आम्हीही पोट धरून हसलोय. पण ते फोनवाले शहाजीबापू पाटील आमदार होण्याआधी सांगोल्यात कोण होतं, हे विचारणारेही आता बरेच झालेत. आणि त्यांच्या प्रश्नाखाली उत्तरं देणाऱ्यांनी जो काही गोंधळ घातलाय, तो बघून म्हटलं, बसूया एकदा.

ओळख पटकन उरकतो, बहुतेकांना माहितीच आहे. गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब. शेतकरी कामगार पक्ष, लाल बावटा. पहिला विजय १९६२, शेवटचा २०१४, सगळे सांगोल्यातूनच. पक्ष एकच, मतदारसंघ एकच. दोनदा मंत्री: १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात त्यांचं निधन झालं. झालं.

आता माझं डोकं फिरवणारा शब्द: 'सलग'. 'सलग ११ वेळा आमदार'. अहो, कुठून आणलंत हे सलग? आबासाहेब दोनदा पडलेत, १९७२ ला आणि १९९५ ला. सलग म्हटलं की हे दोन पराभव गायब होतात, आणि खरी गंमत तर त्या दोन पराभवांतच आहे.

मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी मला अगदी मुद्देसूद लिहिलंय: 'तुम्ही ११ म्हणता, मी निवडणूक आयोगाचे सगळे निकाल काढून बघितले, १०च येतात. अभ्यास करून व्हिडिओ करत जा.' दादा, तुमच्या मेहनतीला सलाम. मोजूया. १९६२, १९६७. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. मग १९९९, २००४, २००९, २०१४. दहा. बरोबर आहे तुमचं. पण तुम्ही उघडलेत ते सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल. १९७२ च्या अहवालात सांगोल्यासमोर काँग्रेसचा उमेदवार विजयी दिसतो, त्यानंतरचा अहवाल थेट १९७८ चा, त्यात देशमुख. मधली १९७४ ची पोटनिवडणूक या दोन्हींत नाही. ती सांगोल्यात झाली, आबासाहेब जिंकले, आणि तोच अकरावा विजय. पोटनिवडणुका या अहवालांत धरतच नाहीत, त्या वेगळ्या शोधाव्या लागतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण दुसरी फौज आहे ५५ वर्षांवाली. '५५ वर्षं आमदार!' मागे व्हायोलिन, आणि स्लो मोशनमध्ये एसटीतून उतरणारे आबासाहेब. हा आकडा कसा तयार झाला असेल ते सांगतो. ११ गुणिले ५. बास. विधानसभा पाच वर्षांची, टर्म अकरा, म्हणून पंचावन्न.

पण प्रत्येक टर्म पाच वर्षांची कुठे होती? १९७४ ला पोटनिवडणुकीतून आलेला माणूस उरलेल्या मुदतीसाठीच येतो. त्यात आणखी एक गाठ आहे. १९७२ ची विधानसभा खरं तर १९७७ ला संपायची. पण आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती झाली, विधानसभेची मुदत सहा वर्षं झाली आणि आपली विधानसभा १९७८ पर्यंत चालली. म्हणून ही टर्म तीनऐवजी चारेक वर्षांची भरली. पुढची १९७८ ची? ती दोनच वर्षांत आटोपली. १९८० ला इंदिरा गांधी दिल्लीत परतल्या, पुलोद सरकार बरखास्त झालं, पुन्हा निवडणूक. म्हणजे एक टर्म चारची, एक दोनची, उरलेल्या नऊ साधारण पाच-पाचच्या. करा बेरीज. ५१.

पटत नसेल तर उलट्या बाजूने या. १९६२ ते २०१९ म्हणजे ५७ वर्षं. त्यातून १९७२ ते ७४ ही दोन वजा करा, १९९५ ते ९९ ही साडेचार वजा करा. एक्कावन्नच्या आत-बाहेरच येता. महिन्यांचा हिशेब काढून भांडायचं असेल तर भांडा, पण पंचावन्न कुठूनही निघत नाही.

माझ्या मामांशी यावरून जेवताना वाजलंय. मामा हाडाचे शेकापवाले. त्यांचं म्हणणं, 'तू त्यांची चार वर्षं खाल्लीस.' मी म्हटलं, मामा, मी कशाला खाऊ, सांगोल्याच्या मतदारांनी १९७२ आणि १९९५ ला खाल्ली. त्यावर मामांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि 'आमटी घे' म्हणाले. आमच्याकडे 'आमटी घे' म्हणजे विषय संपला.

तर ते दोन पराभव. १९७२ चं समजण्यासारखं आहे. बांगलादेशच्या युद्धानंतरची निवडणूक, काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा नेल्या. त्या लाटेत कोण टिकणार? १९९५ मात्र चक्रावून टाकतं. त्या वर्षी राज्यात काँग्रेसचं पानिपत झालं, युतीचं सरकार आलं, आणि सांगोल्यात मात्र काँग्रेसचा उमेदवार निवडून आला. तो म्हणजे आपले झाडी-डोंगारवाले शहाजीबापू पाटील. फरक १९२ मतांचा. एका गावातल्या दोन-तीन गल्ल्यांनी मन बदललं असतं तर निकाल उलटला असता. पण ज्यांनी १९९५ ला आबासाहेबांना पाडलं, तेच बापू पुन्हा आमदार व्हायला २०१९ उजाडलं, आणि तेव्हा आबासाहेब रिंगणातच नव्हते.

आता काही जण म्हणतील, हा नुसते आकडेच बोलतो, माणूस कधी सांगणार? सांगतो. एसटीने फिरायचे, आमदार निवासात साधे राहायचे, हे रीलवाल्यांनी भरपूर दाखवलंय. खरं आहे ते. पण साधेपणावर कुणी अकरा वेळा निवडून देत नाही, हे माझं स्पष्ट मत. सांगोला माणदेशातला, पावसाने कायम हुलकावणी दिलेला तालुका. तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली, चालली. आणि पाणी. १९९३ ला आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली, नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आबासाहेबही त्यात होते. कृष्णेचं पाणी वर चढवून आणा, हीच मागणी वर्षानुवर्षं. टेंभू, म्हैसाळ या पाणी उपसा योजनांची नावं तिकडच्या पोरांनाही पाठ असतात. शूटिंगला गेलो होतो तेव्हा सांगोल्याच्या स्टँडसमोर चहा पिताना एका आजोबांना विचारलं, 'आबासाहेबांनी काय केलं?' त्यांनी हातातली कपबशी फळीवर ठेवली, रस्त्यावर उभ्या डाळिंबाच्या पिकअपकडे बोट केलं आणि म्हणाले, 'हे बघा की. आन् काय पायजे?' आता डाळिंब काही एका आमदाराने आणलं नाही, पण मत देणारा हिशेब कसा लावतो ते कळलं.

तिसरी फौज, 'जागतिक विक्रम'वाली. हात जोडतो. महाराष्ट्रात ११ हा विक्रम आहे, निर्विवाद. पण देशात? करुणानिधी १३ वेळा निवडून आले, मतदारसंघ बदलत, पण एकदाही न हरता. तुम्ही म्हणाल, एकाच मतदारसंघातून दाखव. घ्या. केरळात पुतुप्पळ्ळीतून ओमन चंडी, १९७० ते २०२१, बारा वेळा, आणि ते खरोखर सलग. पालामधून के. एम. मणी, त्यांचे तेरा धरतात. आणि तिथेही मोजणीत अशीच भानगड आहे बरं का: तेरातली पहिली निवडणूक १९६५ ची, जिच्यानंतर विधानसभा भरलीच नाही! निवडून आले, पण सभागृहात बसायला मिळालं नाही. म्हणजे विजय तेरा, प्रत्यक्ष विधानसभा बारा. आकडा सांगताना तुम्ही विजय मोजताय, टर्म मोजताय की वर्षं मोजताय, ते आधी ठरवा. हे मी तिसऱ्यांदा सांगतोय, आणि तरीही खाली 'सलग' लिहिणारा एक जण येणारच. पिन करून ठेवीन मी ती कमेंट.

शेवटचा प्रश्न, सगळ्यात जास्त लाइकवाला: 'पुढे काय झालं?' २०१९ ला नव्वदी ओलांडलेले आबासाहेब थांबले, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच उभे राहिले आणि त्यांनी शहाजीबापूंना पाडलं, या वेळी चांगल्या पंचवीसएक हजारांनी. लगेच कुणीतरी 'सांगोल्यात देशमुखांचे १२ विजय' असं थंबनेल करेल. घराण्याचे म्हणून मोजायचे तर मोजा. आबासाहेबांचे अकराच.

१९७४ च्या त्या पोटनिवडणुकीतलं एखादं पत्रक, पोस्टर, वर्तमानपत्राचं कात्रण कुणाच्या घरी ट्रंकेत असेल तर फोटो काढून पाठवा. सांगोला, मंगळवेढा, आटपाडीकडच्यांनो, खास तुम्हाला सांगतोय. चला, भेटू.