हिशेब परत मिळेल का?
(माहितीपट, निवेदन)

अमरावती रोड, नागपूरलगतचं वाडी. गोदामांची रांग, रात्र.

वाडीत रात्री असे ट्रक लागतात. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा आणि सुरतेकडून पूर्व किनाऱ्याला जाणारा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरात मिळतात. चारही दिशांचा माल इथे उतरतो, त्याची वाटणी होते आणि तो पुन्हा भरला जातो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला. राज्याराज्यांत वेगळं गोदाम ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली, आणि देशाच्या मधोमध असण्याला आणखी मोल आलं.

हमालाच्या हाताकडे बघा. पेटी उचलली, बारकोड वाचला, पेटी थप्पीवर गेली. पेटी वाडीतच राहिली. तिची नोंद मात्र मुंबईच्या, नाहीतर हैदराबादच्या सर्व्हरवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याने घेतलेल्या संगणकावर पोचली. यालाच क्लाऊड म्हणतात. आवक, थप्पीचा नंबर, बिल, बिल्टी, सगळं तिकडे. परराज्यात जाणारा ५० हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाशिवाय, हलवता येत नाही, आणि ते बिल भरायला लागणारी माहिती त्याच सर्व्हरवर असते.

गोदामाचं ऑफिस. स्क्रीनवर फिरणारं चक्र.

इंटरनेट चालू आहे, वीज आहे. सॉफ्टवेअर उघडत नाही. फाटकाशी दोन गाड्या भरून उभ्या आहेत.

क्लाऊड कंपनीच्या करारात ९९.९ टक्के वेळ सेवा चालू राहण्याची हमी आहे. ऐकायला भक्कम वाटते. पण वर्षाच्या हिशेबात याचा अर्थ, पावणेनऊ तास सेवा बंद राहिली तरी ते हमीत बसतं. ते तास रविवारी दुपारचे असतील की ऐन दिवाळीच्या भरतीतले, हे हमी सांगत नाही. हमी मोडली तरी बहुतेक करारांत भरपाई म्हणजे बिलातली थोडी सूट. थांबलेल्या गाडीचं भाडं, परत गेलेली ऑर्डर त्यात धरलेली नसते. म्हणून धंद्याला आधी हवा असा फोन नंबर, जो रात्री अकरालाही कुणी माणूस उचलेल, आणि त्या माणसाला तुमचं काम ठाऊक असेल. तक्रारीचा नंबर मेलवर आला म्हणजे गाडी सुटली असं होत नाही.

इतवारी, नागपूरची बाजारपेठ. किराणा मालाची पेढी, वरचा मजला.

आता जरा थांबून हे बघू, कारण आमच्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

खाली हळदीची पोती उतरताहेत. वर पेढीवरच्या मुलाने एक कोरा संगणक लावलाय. काल रात्रीचा बॅकअप, म्हणजे हिशेबाची राखीव प्रत, क्लाऊडवरून उतरवायचा आणि त्यातून अख्खी पेढी पुन्हा उभी करायची, एवढंच आजचं काम. ही तालीम आहे. काहीही बिघडलेलं नाही.

आधी पासवर्ड. तो मालकाच्या मोबाइलवर येतो, आणि मालक खाली काट्यावर. मग डाउनलोड. निळी पट्टी हळूहळू सरकते. खाली पूर्ण ट्रक रिकामा झाला तेव्हा कुठे वर फाइल उतरली. मग खातेवही उघडली. हळद जुळली. धणे जुळले. जिऱ्यात फरक.

“काल रात्री जिऱ्याची गाडी आली होती ना रे?”

“आली होती शेठजी. पण बॅकअप नऊचा आहे. गाडी दहाला लागली.”

नऊनंतरचा धंदा हिशेबात नाही. कुणाची चूक नाही, ठरलंच तसं होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं. बंद पडल्यावर किती वेळात उभं राहता येईल आणि मधल्या किती तासांच्या नोंदी जातील, हे दोन आकडे क्लाऊड कंपनीने लेखी द्यायला हवेत. आणि तालीम करून ते खरे आहेत का, हे व्यापाऱ्याने पाहायला हवं. बॅकअप “होतोय” असं सांगणारा हिरवा टिक पुरेसा नाही.

दुसरी प्रतही हवी, आणि ती दुसऱ्या शहरात. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाऊड कंपनीचं डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवायची इमारत, जळालं. ज्यांच्या दोन्ही प्रती त्याच आवारात होत्या, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा गेला तो गेलाच.

पेढीची जुनी लाल वही. पानं उलटणारे हात.

ही वही शेठजींच्या कपाटात आहे, म्हणजे ती त्यांची. क्लाऊडवरची वही कुणाची?

कायद्याने जबाबदारी तरी धंद्याचीच. कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, असा नियम २०२२ पासून आहे. ग्राहकांची माहिती फुटली, तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी आधी तुमच्यावर ठेवली आहे, सर्व्हरवाल्यावर नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: भाव विचारण्याआधी बाहेर पडायचा रस्ता विचारा. आत शिरताना डेटा चढवायला सहसा पैसे पडत नाहीत. बाहेर काढताना गीगाबाइटच्या हिशेबाने पडतात. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या डेटा कायद्याने कंपनी बदलणाऱ्या ग्राहकाला संरक्षण दिलं, आणि जानेवारी २०२७ पासून तिथे कंपनी बदलताना डेटा बाहेर काढायचे हे पैसे घेता येणार नाहीत. नागपूरच्या व्यापाऱ्याने ही अट आज करारातच घालून घ्यावी: डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये मिळेल, किती दिवसांत, किती पैशांत, आणि त्यांच्याकडची प्रत पुसल्याचा लेखी दाखला कोण देईल.