डिस्चार्ज अडतो कुठे?

मनोरुग्णालयात बेड रिकामा नाही, हे आपण सगळेच रोज ऐकतो. त्यावर उपायही ठरलेले: बेड वाढवा, नाहीतर पेशंटना लवकर घरी पाठवा. माझं म्हणणं असं, की ज्या दिवशी पेशंट वॉर्डात नुसता थांबून असतो, उपचार काहीच पुढे सरकत नाहीत, तो दिवस आधी शोधा.

जॉन लिटल यांनी १९६१ साली एक नियम सिद्ध केला. वॉर्डातली सरासरी पेशंटसंख्या म्हणजे रोज सरासरी जितके दाखल होतात ते, गुणिले त्यांचा सरासरी मुक्काम. दाखल होणाऱ्यांना नको म्हणता येत नाही, म्हणून सगळ्यांचा डोळा मुक्कामावर. पण सरासरी फार फसवते. समजा, वीस बेडचा वॉर्ड आहे. पाच बेडवर तीच पाच माणसं वर्षभर आहेत. बरी झालीत, पण जायला जागा नाही. उरलेल्या पंधरा बेडवर मुक्काम तीस दिवसांचा धरला, तर वर्षात साधारण १८२ जणांवर उपचार होतात. प्रत्येकाला तीन दिवस आधी घरी धाडलं, तर आणखी २० जणांची सोय होते. त्याऐवजी त्या पाच जणांच्या राहण्याची व्यवस्था लागली, तर आणखी ६० जणांची! आणि कुणाचीही घाई न करता.

म्हणून सोशल वर्करला डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बोलावणं मला पटत नाही. घर आहे का, भाडं थकलंय का, न्यायला कोण येणार, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं. काय सुधारलं म्हणजे घरी जाता येईल, हेही तेव्हाच पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून केसपेपरवर लिहावं, अंदाजे तारखेसकट. तारीख पुढे गेली तर जाऊ द्या, पण का गेली ते कळायला हवं.

मोठा राउंड आठवड्यातून एकदाच होत असेल, तर राउंडच्या दुसऱ्या दिवशी सावरलेला माणूस सहा दिवस उगाच अडकतो. रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहून प्रत्येक नावापुढे विचारावं: आज यांच्यासाठी काय होणार? इंग्लंडमधल्या रुग्णालयांत ज्या दिवशी काही घडत नाही त्याला लाल दिवस म्हणतात, घडलं तर हिरवा. लाल दिवसाचं कारण लिहून ठेवलं, की महिन्याभरात तीच तीन-चार कारणं पुन्हा पुन्हा दिसू लागतात.

घरचे न्यायला तयार नसतात, अशी तक्रार आपण फार सहज करतो. ते थकलेले असतात, घाबरलेले असतात. मागच्या वेळी रात्री काय झालं होतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पुन्हा तसं झालं तर कुणाला फोन करायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आधी दोन दिवस रजेवर घरी पाठवून पाहिलं, तर ही भीती पुष्कळ उतरते.

घाईचा धोका मात्र खरा आहे. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत आत्महत्येचा धोका सर्वाधिक असतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये ७२ तासांच्या आत संपर्क साधण्याचा दंडक आहे. आपल्या डिस्चार्ज कार्डावर औषधांखाली आणखी दोन ओळी हव्यात: कोण भेटणार, आणि कुठल्या दिवशी. त्या भरल्याशिवाय कार्डावर सही करू नये.