ससेवाल्याचे तिकोनी घर

इंग्लंडमधील नॉर्थहॅम्प्टनशर परगण्यात, रश्टन हॉलच्या जुन्या जहागिरीत, ही तीन भिंतींची इमारत उभी आहे. तिचे काम साधे होते. जहागिरीत मांसासाठी आणि कातडीसाठी ससे पाळले जात आणि त्यांच्या रखवालदारासाठी हे घर बांधले गेले. रखवालदाराचे चार भिंतींच्या खोलीतही भागले असते.

जहागीरदार सर थॉमस ट्रेशम कॅथलिक होते. राणी एलिझाबेथच्या राजवटीत, १५८१ च्या कायद्याने, सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चमध्ये न जाणाऱ्यास महिन्याला २० पौंड दंड होता आणि ट्रेशम यांची उमेदीची बरीच वर्षे कैदेत गेली. १५९३ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी हे बांधकाम हाती घेतले. १५९७ मध्ये ते पुरे झाले.

आता भिंतीकडे नीट पाहावे. फिकट आणि गडद चुनखडीच्या दगडांचे थर आलटून पालटून रचले आहेत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा आकडा सगळीकडे पाळलेला आहे: मजले तीन, दर मजल्याला एकेका बाजूस खिडक्या तीन, माथ्यावर दर बाजूस त्रिकोणी शिखरे तीन आणि धुराडेही तिकोनी. खिडक्यांतील त्रिदल पाहून आपल्याला बेलाचे पान आठवेल. हे त्रिदल ट्रेशम घराण्याचे चिन्ह आहे. दारावर लॅटिनमध्ये ‘तिघे साक्ष देतात’ असे कोरले आहे. त्यातला ‘ट्रेस’ म्हणजे तीन. आणि ट्रेशम यांची पत्नी त्यांना लाडाने ‘ट्रेस’च म्हणत असे. एवढ्या गंभीर दगडात ही घरगुती थट्टाही बसली आहे.

खरी कसोटी आत लागली असणार, कारण तिकोनी खोलीच्या चिंचोळ्या कोपऱ्यांत ना खाट मावते ना माणूस. म्हणून तिन्ही कोपरे भिंती घालून तोडले, मध्ये षट्कोनी दालन मिळवले आणि उरलेल्या तिकोनांपैकी एकात गोल जिना चढवला.

१६०५ मध्ये ट्रेशम वारले. संसद उडवण्याच्या कटात गोवला गेलेला त्यांचा मुलगा फ्रान्सिस त्याच वर्षी टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत मरण पावला.

शिखरांखालून फिरणाऱ्या पट्टीवर दर भिंतीस बायबलमधील एक लॅटिन वचन आहे. भिंतीची लांबी सुमारे ३३ फूट आणि वचनाची अक्षरे ३३. एका बाजूचे वचन विचारते: ‘ख्रिस्ताच्या प्रेमापासून आम्हांला कोण वेगळे करील?’